धुतलेलं जाळं

सहावीच्या वर्गात मागची दोन बाकं आम्हा कोळ्यांच्या पोरांची. सुक्या बोंबलांचा वास येतो म्हणून केळीच्या वाड्यांतली मुलं पुढे सरकून बसत, आणि आम्हालाही ते बरंच पडे.

एकदा धर्मशिक्षणाच्या तासाला बाईंनी बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय काढला. रात्रभर राबून पेत्र नावाच्या कोळ्याच्या हाती काही लागलेलं नाही, आणि येशू सांगतो, होडी खोल पाण्यात ने, जाळी सोड. मी उभा राहिलो. "बाई, उजेडात जाळं कोण टाकतं? माशाला दिसतं ना ते!" मागची बाकं खिदळली. डोलीचं जाळं भरती-ओहोटीच्या ओढीवर चालतं, पण काका तरतं जाळं घेऊन जायचा तो अंधारी रात्र बघून. तेवढं ज्ञान पाजळायला मला पुरेसं होतं. त्यातून सांगणारा सुतार. सुताराने होडी बांधावी, मासे कुठे आहेत ते होडीच्या म्होरक्याला, तांडेलाला शिकवू नये, हा आमच्या वस्तीतला साधा हिशेब.

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तुझे बाबा तांडेल ना? विचारून ये, त्यांनी टाकलं असतं का."

बाबा ओट्यावर जाळं सांधत बसले होते. त्यांनी गोष्ट दोनदा सांगायला लावली आणि एका जागी मला थांबवलं. "जाळी धुवायला घेतली होती त्यांनी?" मी म्हटलं, हो, तसं लिहिलंय. "मग मी नसतं टाकलं." धुतलेलं जाळं पुन्हा पाण्यात म्हणजे पुन्हा घाण काढा, पुन्हा वाळवा, फाटलं तर पुन्हा सांधा. आणि रात्रभर जागलेल्या खलाशांना पुन्हा वल्ही धरायला सांगायचं. "त्यांची तोंडं बघवली नसती मला," बाबा म्हणाले.

हे वर्गात सांगितलं तेव्हा बाईंनी पुस्तक मिटलं. "इतकी वर्षं शिकवतेय, जाळी धुण्याचं वाक्य मी नुसतं वाचून पुढे जायचे." मग त्यांनी दाखवलं की पेत्र आधी तक्रार करतो, सारी रात्र कष्ट केले, काही मिळालं नाही, आणि मग म्हणतो, तरी तुमच्या शब्दावरून सोडतो. मान खाली घालून 'हो' म्हणणारा हा गडी नव्हे. पुढे हाच पेत्र न्यायसभेपुढे उभा राहून सांगतो की माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. (हे वाक्य मी एकदा पीटीच्या सरांवर वापरून पाहिलं. उपयोग झाला नाही.) आणि जाळी फाटायला लागल्यावर, दोन्ही होड्या बुडायच्या बेताला आल्यावर, तो मासे मोजत बसत नाही. गुडघ्यांवर पडतो, माझ्यापासून दूर जा म्हणतो. देवाचं सामर्थ्य इतकं जवळ आलं की माणूस घाबरतो, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

कुणीतरी विचारलं, "सांगितलेलं ऐकलं की जाळं भरतंच का?" बाईंनी आपल्या वसईच्याच संत गोन्सालो गार्सियांचं नाव घेतलं. १५९७ साली नागासाकीत आणखी पंचवीस जणांसोबत क्रुसावर गेलेले, १८६२ साली संत ठरलेले. "त्यांचं कुठे भरलं?" एवढंच विचारून त्या फळ्याकडे वळल्या.

बाबा गेल्यावर बोटीच्या वाट्यावरून थोरल्या भावाशी माझं बोलणं तुटलं. नऊ वर्षं. मत्तयाच्या शुभवर्तमानातलं ते वचन, दान वेदीपुढे ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, चर्चमधल्या मिस्सेत, म्हणजे उपासनेत, कितीदा तरी ऐकलं. पण माझं जाळं धुवून, घडी घालून ठेवलेलं होतं. वकिलाचे पैसे फिटले होते, रागही सुकला होता. ते सगळं पुन्हा कोण भिजवणार? एका उपवासकाळात फादरांनी तेच वाचलं आणि मी चर्चमधून उठून सरळ त्याच्या घराकडे निघालो. वाटेत दोनदा परत फिरलो. पाठ केलेलं एकही वाक्य दारात आठवेना. "दादा, चहा आहे का?" एवढंच तोंडून निघालं. हे माझ्या स्वभावातलं नाही, हवं तर बायकोला विचारा. घरातून निघताना अंगात ते बळ अजिबात नव्हतं. त्याच्या पायरीवर पाय ठेवला तेव्हा आलं. मी त्याला देवाचं सामर्थ्य म्हणतो, दुसरा शब्द माझ्याकडे नाही.

मध्यंतरी बाईंना भेटून हे सांगितलं. आता ऐकू कमी येतं, पण गोष्ट पूर्ण ऐकली आणि विचारलं, "मग? मासे मिळाले?"

"वाट्याचा कागद अजून त्याच्याच कपाटात आहे, बाई. पण दर रविवारी वहिनी बोंबील पाठवते."