दप्तर दिलं त्या दिवशी

30 जून 2021 ला अधिसूचना निघाली आणि 23 गावं पुणे महापालिकेत गेली. आमचं मांजरी बुद्रुक त्यातलंच. शेजारचं केशवनगर आणि साडेसतरा नळी 2017 लाच गेली होती, त्यामुळे आमची पाळी येणार हे ठाऊक होतं. तरी दप्तर ताब्यात घ्यायला माणसं दारात आली तेव्हा मला पोटात कालवल्यासारखं झालं. मी ग्रामपंचायतीत लिपिक.

सगळ्यात जास्त वेळ नमुना आठने खाल्ला, म्हणजे घरांच्या आकारणीच्या वहीने. जुन्या वह्या लाल फडक्यात बांधलेल्या, कडा कसरीने कुरतडलेल्या. बांधकामाच्या रकान्यात पानंच्या पानं 'दगड-माती, कौलारू'. नंतर 'विटा, पत्रा'. मग मगरपट्ट्यात आणि नदीपलीकडे खराडीत आयटी आलं, कामाला येणाऱ्यांना खोल्या हव्या झाल्या, आणि तिथून पुढे माझ्याच अक्षरात 'आरसीसी'. कालव्याच्या पाण्यावर पोसलेलं उसाचं रान गुंठ्यागुंठ्याने कसं गेलं, ते या वहीइतकं कुठेच दिसत नाही.

एका नोंदीपाशी महापालिकेचे साहेब थांबले. "इथं गोठा लिहिलाय. जागेवर तर तीन मजले दिसतात."

चूक माझी होती. घर वाढलं ते चढवलं, गोठ्याची ओळ तशीच राहिली. मी खोडायला पेन उचललं तेवढ्यात त्याच घरच्या आजी आत आल्या. नातवाच्या जन्माचा दाखला आजच्या आज हवा होता. उद्यापासून हडपसरला खेटे घालावे लागतील ही धास्ती.

"गोठा का खोडतोस रं? हाये की."

"आजी, आता कुठला गोठा?"

"चल, दावते."

पावसाची भुरभुर होती. आम्ही तिघं गेलो. खाली भाडेकरूंच्या मोटरसायकली दाटीने लावलेल्या, आणि जिन्याखाली एक तांबडी गाय. पुढ्यात हिरवी कुट्टी, बाजूला शेणाची पाटी, खाली स्वच्छ झाडलेलं. सासऱ्यांच्या दावणीला सहा बैल असायचे, आजी म्हणाल्या, आणि गाईच्या गळ्याखाली खाजवत राहिल्या.

साहेब तरुण होते. मोजमापाचा कागद पुढे धरून मला म्हणाले, "रकान्यात पार्किंगच लिहावं लागेल. पण शेऱ्यात गोठा टाकतो."

त्यांनी टाकला. माझ्यासमोर.