शेतीची कागदोपत्री रचना आणि कुटुंबाच्या शेतीची उत्पादकता

शेतीची उत्पादकता कशी वाढवावी, अशी चर्चा निघाली की ती बहुधा बियाणे, पाणी, खते आणि यंत्रे यांच्यापाशीच थांबते. जमीन कोणाच्या नावावर आहे, निर्णयाचा अधिकार कोणाकडे आहे आणि खर्च वजा जाता उरलेले कोणाच्या पदरात पडते, हे प्रश्न मात्र वकिलांचे आणि हिशेबनिसांचे समजले जातात. मला ही विभागणी मान्य नाही, कारण शेतात राबणाऱ्या माणसाचे मन कशात गुंतणार, हे याच प्रश्नांच्या उत्तरांवर ठरत असते.

याचा सर्वांत ठळक पुरावा चीनमध्ये सापडतो. १९७८ च्या अखेरीस आन्हुई प्रांतातील शिआओगांग या गावात १८ कुटुंबांच्या प्रतिनिधींनी गुपचूप करार करून सामूहिक जमीन कसण्यापुरती आपापसांत वाटून घेतली. ठरलेला हिस्सा सरकारजमा करायचा आणि उरलेले ज्याचे त्याने ठेवायचे, एवढाच त्या कराराचा गाभा होता. पुढे हीच पद्धत देशभर रूढ झाली. जस्टिन लिन या अर्थतज्ज्ञाने १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९७८ ते १९८४ या काळातील पीक उत्पादनाच्या वाढीपैकी जवळजवळ निम्मे श्रेय या एका बदलाला दिले आहे. माणसे तीच होती आणि जमीनही तीच होती. बदलला तो कष्ट आणि फळ यांच्यातील संबंध.

शेतीत हा संबंध इतका महत्त्वाचा ठरतो, कारण येथे देखरेख अवघड असते. काम विस्तीर्ण क्षेत्रावर पसरलेले असते, परिणाम काही महिन्यांनी दिसतो आणि पीक कमी आले तर दोष हवामानाचा, किडीचा की कामचुकारपणाचा, हे सांगता येत नाही. उरलेल्यावर ज्याचा हक्क आहे त्याच्यावर पहारा ठेवावा लागत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१४ च्या अहवालात जगातील सुमारे ५७ कोटी शेतांपैकी ५० कोटींहून अधिक शेते कुटुंबांच्या हाती असल्याचे म्हटले होते. त्यामागे हे एक मोठे कारण असावे, असे मला वाटते.

परंतु कुटुंब म्हणजे एकच मन, हे गृहीत धरण्यात फसगत आहे. एकल मालकीत निर्णय झटपट होतात आणि कागदपत्रांचा व्यापही कमी असतो. मात्र प्रौढ मुलगा, मुलगी किंवा सून वर्षानुवर्षे बिनपगारी राबत असेल आणि पुढे आपल्या वाट्याला काय येणार हे तिला किंवा त्याला ठाऊक नसेल, तर निचऱ्याची सोय, जमिनीचा पोत सुधारणे, फळझाडांची लागवड अशी उशिरा फळणारी कामे मागे पडतात. फ्रान्सने १९६२ च्या कायद्याने एकत्र शेती करणाऱ्यांच्या गटाला स्वतंत्र कायदेशीर रूप दिले आणि त्यात प्रत्येक सभासदाने प्रत्यक्ष काम केलेच पाहिजे, अशी अट घातली. जपानमध्ये १९९५ पासून कुटुंबांतर्गत लेखी करारांना सरकारी प्रोत्साहन मिळू लागले. कामाचे तास, मोबदला, सुट्टी आणि वारसा या गोष्टी त्यात नमूद केल्या जातात. घरातल्या घरात करार कशाला, असे म्हणणारे बहुधा मोबदला घेणारे असतात, ज्यांचे येणे थकले आहे ते नसतात.

कंपनी स्थापन केली की उत्पादकता वाढते, या दाव्याकडे मात्र मी सावधपणे पाहतो. कंपनीच्या रूपातील शेते सरासरीने अधिक उत्पादक दिसली तरी मोठी आणि चांगली चालणारी शेतेच कंपनीचे रूप घेतात, त्यामुळे कारण कोणते आणि परिणाम कोणता हे तपासावे लागते. शिवाय उत्पादकता कशात मोजायची, एकरी, माणशी की एकूण गुंतवणुकीच्या प्रमाणात, यावरही उत्तर बदलते. बिनपगारी श्रम हिशेबात धरले नाहीत तर तोट्यातली शेतीही फायद्यात दिसते. मर्यादित दायित्वाचे, म्हणजे कंपनीचे कर्ज मालकाच्या खासगी मालमत्तेपर्यंत न पोहोचण्याचे, कवचही वाटते तेवढे भक्कम नसते, कारण छोट्या कंपनीला कर्ज देताना बँका अनेकदा संचालकांची वैयक्तिक हमी मागतात. कंपनीचा खरा लाभ वेगळाच आहे: जमिनीचे तुकडे न पाडता समभाग हळूहळू पुढच्या पिढीकडे सोपवता येतात.

माझ्या मते नावापेक्षा हिशेबाची फोड महत्त्वाची आहे. जमिनीला खंड, श्रमाला मजुरी आणि भांडवल व जोखीम यांना नफा, अशी तीन देणी वेगळी केली की कोण कशाचे खातो ते स्पष्ट होते. म्हणूनच काही कुटुंबे जमीन एका संस्थेकडे आणि प्रत्यक्ष व्यवसाय दुसऱ्या संस्थेकडे ठेवतात. शेती न करणाऱ्या भावंडांना खंड मिळतो आणि सुधारणेतून झालेला नफा कसणाऱ्याकडे राहतो. या मांडणीतही एक धोका आहे. खंडाचा करार दरवर्षी नव्याने होत असेल, तर कसणारा जमिनीतून काढून घेईल तेवढे काढेल आणि परत काही घालणार नाही. त्यामुळे मुदत लांब हवी, केलेल्या सुधारणांची भरपाई लिहिलेली हवी आणि एखादा भागीदार बाहेर पडला तर त्याच्या हिश्शाचे मूल्य कसे ठरवायचे व किती हप्त्यांत चुकते करायचे, हेही आधीच ठरलेले हवे. नाहीतर सगळी रक्कम एकाच वेळी उभी करण्यासाठी जमीनच विकावी लागते.