दुखत नाही ना?

सकाळी ताईचा फोन आला. ती म्हणाली, "आता दुखत नाही ना? मग झालं तर!" वाक्य साधेच होते, तरी दिवसभर ते मनातून गेले नाही.

दुपारी फाइल काढून बसले. लघवीच्या कल्चरचे ७ जुने अहवाल एकाखाली एक निघाले, आणि सातहींवर एकच शेरा होता : जंतूंची वाढ आढळली नाही. पाळीच्या तारखा शेजारी मांडल्या, तर ६ अहवाल पाळीच्या पहिल्या ३ दिवसांतले. त्या दिवसांत अर्ध्या अर्ध्या तासाने उठणे, लघवी संपता संपता ओटीपोटात कळ येणे, हे सारे मी 'पुन्हा इन्फेक्शन' म्हणून निकालात काढत होते. जंतू नाहीत, तर मग आहे तरी काय, हे कोणी विचारले नाही; मीही नाही. असो.

खरी सल वेगळीच आहे. शेवटी निघाला तो एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार. त्याची मूत्राशयाच्या भिंतीतली गाठ निदान आरडाओरडा तरी करत होती. डावी मूत्रवाहिनी मात्र बाहेरून आवळली जात होती, वर लघवी तुंबून मूत्रपिंड फुगत होते, आणि त्या बाजूला एकदाही दुखले नाही. रिनल स्कॅनमध्ये दोन्ही मूत्रपिंडांच्या मिळून १०० टक्के कामात डाव्याचा वाटा २४ निघाला. एंडोमेट्रिओसिस मूत्रवाहिनीपर्यंत पोचला की पुष्कळदा असे मुकाट्यानेच घडते, असे डॉक्टर म्हणाल्या. मी इतकी वर्षे दुखण्याचे मुकाट सोसले, त्याच्या तालावर रजा घेतल्या, प्रवास रद्द केले, आणि जिथे खरोखर काही गमवायचे होते तिथे त्याने मला साधी हाकही मारू नये? हे मी आज तिसऱ्यांदा लिहिते आहे, हे कळते.

शस्त्रक्रियेत मूत्रवाहिनी मोकळी केली आणि आत डीजे स्टेंट, म्हणजे लघवी वाहती ठेवणारी बारीक नळी, ठेवला. तेव्हापासून खाली वाकले तरी डावी कूस टोचते, आणि लघवीला बसले की कळ थेट पाठीत चढते. इतकी वर्षे गप्प बसलेली बाजू आता एवढी बडबडते आहे की तिला जरा थांब म्हणावेसे वाटते.

मंगळवारी स्टेंट निघेल. मग ती पुन्हा गप्प होईल, आणि दर काही महिन्यांनी सोनोग्राफी करूनच तिची खुशाली विचारावी लागेल.

ताईला मी म्हटले होते, "दुखतंय की, चांगलं दुखतंय!" माझा आवाज बहुधा फार उत्साही लागला असावा, कारण ती क्षणभर काहीच बोलली नाही.