शाळेच्या हजेरी मशीनमधून मुलीचे ठसे पुसून घेताना

बोटाच्या ठशाने हजेरी नको, असा अर्ज दिला आणि शाळेने कार्ड द्यायचं कबूल केलं. तिथवर काही त्रास झाला नाही. घोडं अडलं ते आधी घेतलेले ठसे पुसून घेताना. ‘डिलीट केलंय’ असं ऑफिसमधून सांगतात, पण त्यावर विसंबू नका.

नोंदणीच्या वेळी सहसा एकच बोट तीनदा टेकवायला लावतात. रेषा कुठे संपतात, कुठे फुटतात हे टिपून मशीन त्याचं टेम्प्लेट, म्हणजे ठशाचा आकड्यांतला नमुना, बनवतं. ‘फोटो ठेवत नाही, नुसते आकडे असतात’ हे मशीन विकणाऱ्या विक्रेत्याचं ठरलेलं वाक्य. पण ओळख पटते ती त्या आकड्यांवरूनच, आणि अशा टेम्प्लेटवरून ठशाची प्रतिमा बरीचशी पुन्हा उभी करता येते, हे संशोधकांनी २००७ मध्येच दाखवलं आहे. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, बोट बदलता येत नाही.

हे टेम्प्लेट एका जागी नसतं. मशीनच्या मेमरीत असतं, हजेरीच्या सॉफ्टवेअरमध्ये असतं (ते ऑफिसच्या कॉम्प्युटरवर किंवा विक्रेत्याच्या सर्व्हरवर) आणि बॅकअपमध्येही असतं. क्लार्क मशीनच्या मेनूत जाऊन ठसा काढतो. त्याच्या दृष्टीने काम झालेलं असतं. पण पुढच्या सिंकला, म्हणजे सॉफ्टवेअर आणि मशीन आपापल्या नोंदी जुळवून घेतात तेव्हा, सॉफ्टवेअर तोच ठसा मशीनवर परत पाठवतं. आमच्याकडे नेमकं हेच झालं: ठसा काढल्यावर मशीनने नाकारलेलं बोट दोन दिवसांनी त्याच मशीनने पुन्हा ओळखलं, आणि ऑफिस मात्र ‘काढलंय’ यावर ठाम. मुलांच्या शरीराची माहिती इतक्या बेफिकिरीने हाताळलेली पाहून फार चीड येते.

म्हणून क्रम असा हवा: आधी सॉफ्टवेअरमधून, मग प्रत्येक मशीनवरून (गेट, वसतिगृह, बस, जिथे असेल तिथे), शेवटी बॅकअपमधून. ‘युजर डिलीट’ करू देऊ नका, त्याने मुलीचा आयडी जातो आणि हजेरीचा घोळ होतो. फक्त फिंगरप्रिंट काढायचं, त्याच आयडीला कार्ड किंवा पिन जोडायचा. बहुतेक मशीनमध्ये ही सोय असते, वेगळा खर्च सांगितला तर मॉडेलचं माहितीपत्रक मागा. मग बोट टेकवून बघायचं, आणि एक सिंक होऊन गेल्यावर पुन्हा बघायचं. दुसरी तपासणीच खरी.

अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. त्यात ठसे कुठे कुठे साठवले, कोणत्या तारखेला काढले आणि विक्रेत्याकडे प्रत उरली आहे का, याचं लेखी उत्तर मागा. २०११ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत बायोमेट्रिक ही संवेदनशील माहिती आहे. ती घेणाऱ्या कंपनीला लेखी संमती लागते, संमती लेखी मागे घेता येते आणि तक्रार अधिकाऱ्याने महिन्याभरात तक्रार सोडवायची असते. संमती मागे घेत असल्याचं पत्र विक्रेत्याला वेगळं पाठवा. माझ्या अनुभवात शाळा त्यानंतरच हलली. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची पडताळता येणारी संमती सांगितली आहे, मात्र त्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. अनुदानित शाळा असेल तर माहिती अधिकारात विक्रेत्याचा करारही मागता येतो.

इंग्लंड-वेल्समध्ये २०१२ च्या कायद्याने पालक ‘हो’ म्हणाले तरी मुलाचा नकार पुरतो, आणि शाळेला दुसरी सोय द्यावीच लागते. आपल्याकडे निदान मुलांना विचारायला तरी सुरुवात व्हावी.

हो, प्रवेश अर्जातल्या अटी आधी वाचा. संमतीचं वाक्य तिथेच असतं. ते खोडून शेजारी सही करा.

मुलांची बोटं वाढतात, रेषांमधलं अंतर वाढतं, मशीन ओळखेनासं होतं. त्यामुळे जूनमध्ये सगळ्या वर्गाचे ठसे नव्याने घेतले जाऊ शकतात. त्या यादीत मुलीच्या नावापुढे ‘फक्त कार्ड’ लिहिलंय का, हे वर्गशिक्षिकांकडे आधीच बघून घ्या.