कौलं का गळतात ते आधी विचारा : राजापूर-लांजा भागात जुनं घर शोधताना

कोकणात एखादं जुनं घर घ्यायचं आणि हळूहळू राहतं करायचं, हा बेत आमच्याकडे फार वर्षं शिजत होता. गेल्या वर्षी तो मनावर घेतला. हाताशी १८ लाख रुपये, त्यात घर, जागा, दस्ताचा खर्च आणि डागडुजी सगळं बसवायचं. अलिबाग-दापोलीकडचे भाव ऐकून तो नाद सोडला आणि रत्नागिरी जिल्ह्यातलं राजापूर-लांजा धरलं. घरातून समुद्र दिसलाच पाहिजे असा हट्ट नव्हता. जांभ्याच्या भिंती, विहीर आणि मागच्या दारी दोन-चार फणस-आंबे एवढं पुरे होतं. माझा मावसभाऊ बांधकामावर सुपरवायझर आहे. लाकूड-दगड त्याने बघायचं आणि कागद मी, अशी वाटणी करून आम्ही एकदा भर जुलैत आणि पुन्हा मे महिन्यात फिरलो. तुम्हीही जाणकार माणूस सोबत घेऊनच जा. घर आवडलेल्या माणसाला वाळवी दिसत नाही.

जाण्याचं थोडक्यात सांगतो. दादरहून मध्यरात्री सुटणारी तुतारी एक्स्प्रेस बरी पडते, सकाळी उतरता येतं. आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं. गणपती, शिमगा आणि मे महिन्याची तिकिटं बघता बघता संपतात. पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वेच्या गाड्या सावकाश धावतात, त्यामुळे जुलैत पहिला दिवस कुणाला भेटीची वेळ देऊ नका. राजापूर रोड स्टेशन राजापूर शहरापासून बरंच लांब आहे, रिक्षा आधीच सांगून ठेवा. घरं आतल्या वाड्यांवर असतात आणि एसटीच्या फेऱ्या मोजक्या, तेव्हा एकच रिक्षा दिवसभरासाठी ठरवणं उत्तम. कुठलं घर किती वर्षं बंद आहे, मालक परळला की नालासोपाऱ्याला, हे रिक्षावाल्याला एजंटापेक्षा जास्त ठाऊक असतं.

पहिलं घर आडिवऱ्याच्या बाजूला पाहिलं. पाहताक्षणी मन बसावं असं. पुढे खळं म्हणजे अंगण, मग पडवी, ओटी, माजघर, अंधारं देवघर, मागे न्हाणीघर आणि गोठा. खांब फणसाचे, हाताला गुळगुळीत लागणारे. पडवीच्या कडेला उतरवून ठेवलेलं एक मंगलोरी कौल भावाने उलटं केलं, तर त्यावर बासल मिशनचा ठसा. मंगळुरात या मिशनऱ्यांनी १८६५ साली कौलांचा कारखाना काढला होता. शेवाळ खरवडल्यावर अक्षरं अजून स्वच्छ वाचता येत होती. पण वर पाहिलं तर आढं मधोमध बसलेलं, माजघरात तीन ठिकाणी पातेली ठेवलेली आणि एका तुळईला बोट लावलं की भुसा गळत होता.

भाव बारा लाख. भावाने जमिनीवर बसूनच हिशेब मांडला: आढं, निम्मे वासे, सगळ्या रिपा, चौरस मीटरला साधारण १५ कौलं. जमेल, म्हणाला. तेवढ्यात शेजारच्या आजी चहा घेऊन आल्या. मी सहज विचारलं, "आजी, हे घर शेवटचं कधी शाकारलं?"

"अण्णा होते तोवर दरवर्षी व्हायचं हो. मिरगाआधी माणसं लावून कौलं परतायचे. अण्णा गेले, मग मुंबईवाले म्हणायचे पुण्यावाल्यांनी द्यावेत, पुण्यावाले म्हणायचे गणपतीला जो येतो त्याने द्यावेत. कोण देणार?"

या एका उत्तराने आमच्या शोधाची दिशा बदलली. कौलारू घर दरवर्षी हात मागतं. माकडं कौलं फोडतात, पानांचा कचरा पन्हळीत अडकतो, एक कौल सरकलं की त्याखालची रीप भिजते, मग वासा, मग भिंतीचा माथा. तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या मुलखात चार-पाच पावसाळे दुर्लक्ष झालं की घर खचू लागतं. आणि दुर्लक्ष होतं ते बहुतेक वेळा पैसे नाहीत म्हणून नव्हे, तर घर नक्की कोणाचं हे ठरलेलं नसतं म्हणून. जे भांडण शाकारणी होऊ देत नाही तेच भांडण उद्या खरेदीखत होऊ देणार नाही. त्यामुळे गळकं छप्पर दिसलं की सुताराला विचारण्याआधी ते कधीपासून आणि कशामुळे गळतंय हे शेजाऱ्यांना विचारा.

त्या घराचा सातबारा काढला तेव्हा आजींच्या बोलण्याचा अर्थ कागदावर दिसला. कब्जेदारांत सतरा नावं, सगळी सामाईक. त्यातली चार माणसं वारलेली, वारस नोंद नाही. एका नावापुढे ए.कु.मॅ., म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. ही तीन अक्षरं दिसली की सावध व्हा, कारण त्या एका नावामागे भाऊ-बहिणींची अख्खी शाखा असते आणि त्यांची नावं उताऱ्यावर नसतात. एजंट म्हणत होता की आपण दोन मोठ्या हिस्सेदारांकडून घेऊ, बाकीचे नंतर येतील. तसं मुळीच करू नका. अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा बाहेरच्याने घेतला तरी संपत्ती हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ प्रमाणे त्याला त्या घरात एकत्र ताबा मागता येत नाही. तो वाटपाच्या दाव्याला गेला, तर १८९३ च्या विभाजन कायद्याखाली घरचे लोक त्याचाच हिस्सा विकत मागू शकतात. बहिणींचंही तेच. "त्यांची लग्नं झाली, त्या काही मागत नाहीत," हे वाक्य आम्ही जवळपास प्रत्येक ओटीवर ऐकलं. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. मागत नसतील तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावं, किंवा विकणाऱ्या म्हणून खरेदीखतावर सही करावी.

ते घर सोडताना फार वाईट वाटलं. आजही वाटतं.

जुलैत जाण्याचा फायदा म्हणजे घर काही लपवू शकत नाही. टॉर्च आणि जाड स्क्रूड्रायव्हर सोबत ठेवा. वासा भिंतीवर जिथे टेकतो तिथे, आणि खांब जिथे जोत्याला टेकतो तिथे टोचून पाहा. लाकूड वरून चांगलं दिसतं आणि नेमकं याच टोकांना सडतं. वाळवीच्या मातीच्या बारीक नळ्या भिंतीवरून वर चढलेल्या दिसतात. त्या ओलसर आणि ताज्या असतील तर वाळवी आत काम करतेय. भिंतीला ओल किती उंचीपर्यंत चढलीय ते पाहा. जांभा पाणी पितो आणि उन्हाळ्यात सोडतो, त्यामुळे गुडघ्याएवढ्या ओलीने घाबरू नका. पण मागच्या वीस-तीस वर्षांत कुणी त्यावर सिमेंटचा गिलावा केला असेल तर पाणी आत अडकतं आणि चिऱ्यांमधली माती विरघळत जाते. असा गिलावा पोकळ वाजतो, बोटाच्या पेरांनी ठोकत चला. भिंतीत पिंपळ किंवा उंबर उगवलेला असेल तर मूळ कुठवर गेलंय ते आतून बघा. शेणाची जमीन उखडलेली असणं ही काही अडचण नाही, ती सर्वांत स्वस्तात होते. पत्रे दिसले म्हणून घर नाकारू नका. मे २०२१ च्या तौक्ते वादळानंतर कौलं उडालेल्या कितीतरी घरांवर पत्रे आले. खालचे वासे शाबूत असतील तर कौलं पुन्हा चढवता येतात.

मे महिन्यात जायचं ते पाण्यासाठी. सड्याजवळच्या, म्हणजे कातळाच्या पठाराजवळच्या, एका वाडीत आम्हाला छोटं, नीटस घर मिळालं होतं. एकच मालक, वारस नोंदी झालेल्या, भाव सात लाख. जुलैत तिथली विहीर काठोकाठ होती. मे महिन्यात तिच्यात कळशी बुडेल एवढंही पाणी नव्हतं, आणि वाडीतल्या बायका उताराखालच्या झऱ्यावरून पाणी आणत होत्या. कातळावर पाऊस कितीही पडो, पाणी वाहून जातं. शिवाय घरापर्यंत गाडी जात नव्हती. रस्ता वर संपतो आणि खाली पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, उतरते. तिच्या पायऱ्या मोजा, खरंच मोजा. चिरे, वाळू, सिमेंट, कौलं, सगळं डोक्यावरून जाणार आणि त्याची मजुरी कधी कधी मालाच्या किमतीच्या जवळ जाते. पाखाडी कोणाच्या जागेतून जाते आणि वहिवाटीची नोंद कुठे आहे, हेही त्याच वेळी विचारून घ्या. म्हाताऱ्या आई-वडिलांना घेऊन राहायचं असेल तर पाखाडीवरचं घर मी घेणार नाही.

आता सगळ्यांत जास्त लोक अडकतात ती गोष्ट. लांज्याकडचं एक घर छप्परापासून जोत्यापर्यंत पसंत पडलं. मालकाने घरपट्टीच्या पावत्या आणि ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा समोर ठेवला, दोन्ही त्यांच्याच नावावर. पण तो उतारा कर आकारणीचा असतो, तेवढ्यावर मालकी सिद्ध होत नाही. घराखालच्या जमिनीचा सातबारा पाहिला तर तो पूर्वीच्या खोत, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या वतनदार, घराण्याच्या नावावर. खोती १९४९ च्या कायद्याने गेली, पण घर एकाचं आणि घराखालची माती दुसऱ्याची हा प्रकार तुम्हाला इकडे भेटेल. मालक प्रामाणिक होते, त्यांच्या आजोबांपासून ते तिथे राहतायत. तरी जमीन जे विकू शकत नाहीत त्यांच्याकडून आपण घर घेऊन करायचं काय?

कोकणात घरं गावठाणात दाटीने नसतात, वाड्यांतून विखुरलेली असतात. त्यामुळे घराखालचा नंबर अनेकदा शेतजमिनीचाच असतो. कुळकायद्याच्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्या माणसाला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. आमच्या नावे साताऱ्याकडे थोडी जमीन आहे म्हणून शेतकरी दाखला मिळाला. तुमच्याकडे तो नसेल तर शोध गावठाणातल्या आणि बिनशेती झालेल्या जागांपुरताच ठेवा, उगाच जीव लावू नका. गावठाणातल्या घरासाठी स्वामित्व योजनेतली मिळकत पत्रिका झालीय का ते विचारा. ड्रोनने मोजणी करून या पत्रिका देण्याची योजना २०२० पासून सुरू आहे. उताऱ्यावर भोगवटादार वर्ग २ (विकायला सरकारी परवानगी लागणारी जमीन) असेल किंवा इतर हक्कात कुळाचं नाव, बोजा, कुळकायद्याच्या कलम ४३ चा (विक्रीवर बंधन असल्याचा) शेरा असेल तर वकिलाला दाखवल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

वकील तालुक्याचाच धरा, विकणाऱ्याने सुचवलेला नको. त्यांच्याकडून ३० वर्षांचा शोध अहवाल घ्या आणि स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. राजापूर तालुक्यात आणखी एक चौकशी हवी: जैतापूरचा अणुऊर्जा प्रकल्प आणि बारसूची प्रस्तावित रिफायनरी यांमुळे काही गावांत भूसंपादनाचे प्रश्न आहेत आणि गुंतवणूकदारांनी जमिनी घेतलेल्या आहेत. तिथे भावही फुगलेला असतो. त्याच बारसूच्या सड्यावर आणि कशेळीला हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पं आहेत, ती मात्र वाट वाकडी करून बघाच. कशेळीचा तो प्रचंड हत्ती पाहिल्यावर आमचा दिवसभराचा शीण उतरला.

पहिल्या घरानंतर पैशांची विभागणी आमच्या भावाने अशी करायला लावली: खरेदीला निम्म्याहून जास्त घालायचे नाहीत. उरलेल्यातला पहिला खर्च छप्पर, दुसरा विहीर आणि पंप, तिसरा संडास-न्हाणी. रंग, फरशी, झोपाळा सगळं नंतर. बँकेच्या कर्जावर विसंबू नका. आम्ही विचारलं तिथे एवढ्या जुन्या, मातीत बांधलेल्या घरावर कर्ज द्यायला नकारच मिळाला. नोंदणी फी १ टक्का, कमाल ३० हजार रुपये. मुद्रांक शुल्क वेगळं, आणि ते तुमची किंमत व सरकारी मूल्यदर यांतल्या जास्त रकमेवर. व्यवहार झाल्यावर फेरफाराची नोटीस निघते आणि हरकतीला १५ दिवस असतात. ते संपून नोंद मंजूर झाल्याशिवाय एकाही कौलाला हात लावू नका.

सध्या आमची बोलणी चालू आहेत ती राजापुराजवळच्या एका घराची. चार खणांचं, माळा असलेलं, विहिरीला मे महिन्यात पुरुषभर पाणी. तिथल्या काकांनी एकट्याने का होईना, दरवर्षी शाकारणी केलीय आणि त्याच्या मजुरीच्या चिठ्ठ्या तारेला ओवून ठेवल्यात. हिस्सेदार पाचच. चौघांचा होकार आहे. पाचवी बहीण बडोद्याला असते, तिचा मुलगा मस्कतला. तिच्यानंतर वारस म्हणून त्याने हरकत घेऊ नये यासाठी त्याचीही संमती घ्यावी, असं आमच्या वकीलबाईंचं म्हणणं. तो येऊ शकला नाही तर कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून पाठवावं लागेल, आणि भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा लागेल. काकांची एकच अट आहे: शिमग्याला पालखी घरी येते, ती पुढेही आली पाहिजे. आम्ही आनंदाने हो म्हटलं. गणपतीला पाचही हिस्सेदार घरी जमणार आहेत, तेव्हा आरती झाल्यावर ओटीवर बसून साठेखताचा, म्हणजे विक्रीच्या कराराचा, मसुदा सगळ्यांसमोर वाचायचा असं ठरलंय.