छेद कुठला? टू बाय टू तक्ता समजून घेतानाचा माझा अनुभव

वैद्यकीय चाचणी किती भरवशाची ते सांगणारी सेन्सिटिव्हिटी (आजारी लोकांपैकी किती पॉझिटिव्ह येतात), स्पेसिफिसिटी (निरोगी लोकांपैकी किती निगेटिव्ह येतात), पीपीव्ही (पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी किती खरंच आजारी), एनपीव्ही (निगेटिव्ह आलेल्यांपैकी किती खरंच निरोगी) ही सगळी सूत्रं मला पाठ होती. तरी समोर रिपोर्ट आला की नेमकं कुठलं लावायचं ते उमगत नसे. गाठ सुटली ती एका सवयीनं. टक्के बाजूला ठेवायचे, कोऱ्या कागदावर १०,००० माणसं मांडायची आणि प्रत्येक आकड्याचा छेद कुठला ते आधी ठरवायचं.

टू बाय टू म्हणजे दोन रकाने आणि दोन ओळींचा तक्ता. त्यात उभे रकाने आजाराचे (आजारी, निरोगी), आडव्या ओळी चाचणीच्या (पॉझिटिव्ह, निगेटिव्ह). चार घरं लगेच भरायला घेऊ नयेत. आधी रकान्यांच्या तळाशी बेरजा लिहाव्यात: आजारी किती, निरोगी किती. सेन्सिटिव्हिटीचा छेद म्हणजे सगळे आजारी, स्पेसिफिसिटीचा सगळे निरोगी. म्हणजे दोन्ही उभ्या रकान्यातल्या. पीपीव्हीचा छेद मात्र आडवा: जेवढे पॉझिटिव्ह आले तेवढे सगळे. रुग्णाचा प्रश्न (‘पॉझिटिव्ह आलो, मग मला आजार आहे का?’) नेहमी आडव्या ओळीचाच असतो, आणि आपण त्याला उत्तर देतो उभ्या रकान्यातलं. बहुतेक घोळ इथेच होतो.

कोविडचंच घ्या. १४ जून २०२० ला आयसीएमआरनं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं) पहिल्या रॅपिड अँटिजेन किटबद्दल सूचना काढली. पडताळणीत स्पेसिफिसिटी ९९.३ ते १०० टक्के आणि सेन्सिटिव्हिटी ५०.६ ते ८४ टक्के आली होती. दोन्हींचा खालचा आकडा धरू. १०,००० लोकांत १ टक्का बाधित म्हणजे १०० जण. त्यातले ५१ पकडले जातात. उरलेल्या ९,९०० निरोगी लोकांत ०.७ टक्के चुकून पॉझिटिव्ह, म्हणजे ६९. एकूण पॉझिटिव्ह १२०, त्यात खरे ५१. पीपीव्ही ४२ टक्क्यांच्या आसपास! स्पेसिफिसिटी ९९.३ असूनही. ‘स्पेसिफिसिटी जास्त, म्हणून पॉझिटिव्ह आलं की आजार पक्का’ हे क्लासमधलं सूत्र म्हणूनच मला अपुरं वाटतं. तोच किट २० टक्के बाधित असलेल्या गटात वापरला तर १,०१२ खरे आणि ५६ खोटे पॉझिटिव्ह, म्हणजे पीपीव्ही ९५ टक्के. किट तोच, माणसं बदलली.

खाटेशेजारी तक्ता मांडायला वेळ नसतो, तिथे लाइकलिहूड रेशो (चाचणीच्या निकालानं आजाराची शक्यता किती वाढते-घटते ते सांगणारा आकडा) कामाला येतो. निगेटिव्हचा रेशो म्हणजे (१ – सेन्सिटिव्हिटी) भागिले स्पेसिफिसिटी: ०.४९४ ÷ ०.९९३, साधारण ०.५. ताप-खोकल्याच्या रुग्णात कोविडची शक्यता आधीच ५० टक्के वाटत असेल तर ऑड्स (आजार असण्याची शक्यता भागिले नसण्याची) १ ला १. त्याला ०.५ नं गुणलं की ०.५ ला १, म्हणजे ३३ टक्के. निगेटिव्ह येऊनही तिघांत एक बाधित! निगेटिव्ह आलेल्या संशयित रुग्णाची आरटीपीसीआर करायलाच हवी, असं त्या सूचनेत का होतं, ते या एका गुणाकारात दिसतं. एक खबरदारी: गुणायचं ते ऑड्सना, टक्क्यांना नाही. ५० टक्क्यांना थेट ०.५ नं गुणलं तर २५ येतात, आणि ते चूक.

जोखमीच्या मापांतही छेदच बघायचा. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये इशारा दिला गेला की नव्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. प्रत्यक्षात ७,००० स्त्रियांत १ ऐवजी २. ‘दुप्पट’ खरंच होतं, पण ७,००० कुणी सांगितले नाहीत. घाबरून अनेकींनी गोळ्या सोडल्या, आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात वाढल्याचा अंदाज आहे. सापेक्ष धोका एकटा सांगणं मला म्हणूनच गैर वाटतं.

औषधाच्या फायद्यालाही हेच लागू. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या सिमव्हास्टॅटिनच्या ४एस ट्रायलमध्ये प्लासिबो (औषध नसलेली गोळी) गटात २,२२३ पैकी २५६ मृत्यू, औषध गटात २,२२१ पैकी १८२. ११.५ वजा ८.२, फरक ३.३ टक्के. १०० भागिले ३.३ म्हणजे एनएनटी (एक मृत्यू टाळायला किती जणांना औषध द्यावं लागतं) ३०. त्यापुढे ‘सुमारे साडेपाच वर्षांत’ हे लिहायलाच हवं. काळ न सांगितलेला एनएनटी निरुपयोगी.

ऑड्स रेशो (दोन गटांच्या ऑड्सचा भागाकार) आजार विरळ असेल तरच रिलेटिव्ह रिस्कच्या (सापेक्ष धोक्याच्या) जवळ जातो. १०० पैकी ६० विरुद्ध १०० पैकी ४० असेल तर रिस्क १.५ पट, ऑड्स रेशो २.२५.

केस-कंट्रोल अभ्यासात (आजारी आणि निरोगी आधीच निवडून केलेल्या तुलनेत) तर छेद संशोधकानंच ठरवलेला असतो, त्यामुळे तिथे रिलेटिव्ह रिस्क थेट काढता येत नाही. पीपीव्हीही नाही. १०० रुग्ण आणि १०० निरोगी घेऊन हाच किट तपासला तर खरे पॉझिटिव्ह ५१, खोटे जेमतेम १, पीपीव्ही ९८ टक्के. माहितीपत्रकावर ९८ दिसलं की मी आधी रकान्यांच्या बेरजा शोधतो. दोन्ही सारख्या असतील तर तो आकडा १ टक्का बाधित असलेल्या वस्तीतल्या शिबिरात चालणार नाही. तिथे पुन्हा ४२ च.