गाठीतलं आम्ल आणि टी-पेशींची खरी परीक्षा

आरपीएमआय १६४० या, प्रयोगशाळेत पेशी वाढवायच्या नेहमीच्या द्रव माध्यमात ग्लुकोज ११ मिलिमोलार असतं. माणसाच्या रक्तात उपाशीपोटी ५ च्या आसपास. कर्करोगाच्या घट्ट गाठीच्या आत बऱ्याचदा त्याहून कमी, शिवाय पीएच ६.५ ते ६.९ पर्यंत उतरलेला (म्हणजे आम्लता वाढलेली; रक्तात तो ७.४ असतो) आणि लॅक्टेट, म्हणजे लॅक्टिक आम्लाचं रूप, साचलेलं. प्रयोगशाळेतल्या प्लेटमध्ये कर्करोगाच्या पेशींचा फडशा पाडणारी टी-पेशी (प्रतिकारशक्तीची पांढरी पेशी) तिथे ढेपाळते, यात नवल नाही.

कर्करोगाच्या पेशी ऑक्सिजन असतानाही ग्लुकोजचं लॅक्टेट करून बाहेर टाकतात. ओटो वारबुर्ग यांनी हे १९२० च्या दशकातच दाखवलं. पण सक्रिय झालेली टी-पेशीही हेच करते. तिचं लॅक्टेट एमसीटी१ या वाहकातून प्रोटॉनसोबत बाहेर पडतं. बाहेर आधीच आम्ल तुंबलेलं असेल, तर आतलं आतच राहतं. ग्लायकोलिसिस (ग्लुकोज मोडून ऊर्जा काढण्याची क्रिया) मंदावतो, त्यातून मोकळं झालेलं जीएपीडीएच हे विकर इंटरफेरॉन-गॅमा या टी-पेशीच्या लढाऊ प्रथिनाच्या एमआरएनएला (प्रथिन बनवण्याच्या संदेशाला) चिकटतं आणि प्रथिन कमी बनतं. म्हणून एमआरएनए मोजणाऱ्या नुसत्या क्यूपीसीआर चाचणीवर निष्कर्ष काढू नका, प्रथिन मोजा. प्रतिकाराला लगाम घालणाऱ्या नियामक टी-पेशी मात्र लॅक्टेटवर तग धरतात, म्हणजे दुहेरी नुकसान. मेलानोमात (त्वचेच्या एका कर्करोगात) रक्तातलं एलडीएच, म्हणजे लॅक्टेट बनवणारं विकर, वाढलेलं असेल तर पीडी-१ हा टी-पेशीवरचा 'ब्रेक' रोखणाऱ्या औषधांना प्रतिसाद कमी मिळतो, तेही या चित्राशी जुळतं.

(घरचे लोक रुग्णाची साखर, भात तोडतात. त्याने गाठ उपाशी मरत नाही. यकृत रक्तातलं ग्लुकोज टिकवून धरतं. वजन आणि स्नायू मात्र झडतात.)

प्रयोगात आम्लाचा आणि लॅक्टेटचा परिणाम वेगळा काढायलाच हवा. माझ्या मते चार गट लागतातच: लॅक्टिक आम्ल २० मिलिमोलार, तितक्याच पीएचला आणलेलं हायड्रोक्लोरिक आम्ल, पीएच ७.४ ला सोडियम लॅक्टेट २० मिलिमोलार. आणि तितकंच सोडियम क्लोराइड. हा शेवटचा गट बहुतेक जण गाळतात. सोडियम लॅक्टेटने ऑस्मोलॅरिटी (द्रवात विरघळलेल्या कणांचं एकूण प्रमाण) ४० मिलिऑस्मोलने वाढते आणि तिचा दोष लॅक्टेटच्या माथी बसतो. पीएच बाटलीत मोजून उपयोग नाही. ५% कार्बन डायऑक्साइडमध्ये प्लेट काही तास ठेवा, बायकार्बोनेटचा तोल बसू द्या, मग मोजा.

ग्लुकोज कमी ठेवायचं असेल तर डायलाइज्ड सीरम (ग्लुकोजसारखे छोटे रेणू गाळून काढलेलं रक्तद्रव) घ्या, साध्या सीरमसोबत ग्लुकोज येतंच. शिवाय पेशी दाट असतील तर १ मिलिमोलार ग्लुकोज रातोरात संपतं, आणि तुम्ही 'कमी ग्लुकोज' नव्हे तर 'शून्य ग्लुकोज' तपासत बसता. शेवटी माध्यमातलं ग्लुकोज मोजा, जिवंत पेशीही मोजा.